मुलांसाठी ‘शैक्षणिक’ हँडहेल्ड गेम घेताय? या चुका टाळा

माझी भाची पाच वर्षांची असताना तिच्याकडे बेरजेचा एक हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचा, गेम होता. पडद्यावर चार बदकं, शेजारी आणखी तीन बदकं आणि खाली चार फुगे: 5, 6, 7, 8. तिने 5 दाबला, मग 6, मग 7. टाळ्या वाजल्या, तारा मिळाला. पुढचं गणित आलं, पुन्हा डावीकडून सुरुवात. वीस मिनिटांत तिने ताऱ्यांची रांग लावली आणि घरात सगळे खूश झाले. संध्याकाळी मी शर्टाची चार बटणं आणि तीन बटणं टेबलावर मांडून विचारलं, “सगळी मिळून किती?” तिने बटणांकडे पाहिलंच नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघत म्हणत राहिली, “पाच? सहा? सात?”

ती बेरीज शिकलीच नव्हती. ती शिकली होती अंदाजपंचे बोट दाबायला आणि टाळ्यांची वाट बघायला. त्यात तिची काहीच चूक नव्हती, गेमनेच तिला तसं वागायला शिकवलं होतं.

सगळ्यात मोठी चूक: मूल चुकल्यावर गेम काय करतो, हे न बघणं

गेम घेताना आपण विचारतो, यात अक्षरं आहेत का, पाढे आहेत का, आकार आहेत का. हे सगळं जवळपास प्रत्येक गेममध्ये असतंच. खरा फरक पडतो तो चुकीच्या उत्तरानंतरच्या पाच सेकंदांत.

म्हणून घेण्याआधी, किंवा घेतल्यावर पहिल्याच दिवशी, गेम स्वतः खेळा आणि मुद्दाम चुका. एकाच प्रश्नाला तीनदा चुकीचं उत्तर द्या. नुसता ‘टर्र’ आवाज आला आणि तोच प्रश्न तसाच उभा राहिला, तर मूल उरलेले पर्याय एकेक करून दाबणार. पण एखादा गेम दुसऱ्या चुकीनंतर बदकं एका रांगेत आणतो, एकेकावर उजेड पाडत मोजून दाखवतो आणि मग तसाच पण वेगळ्या आकड्यांचा प्रश्न विचारतो. तो गेम खरोखर शिकवतोय. तारा पहिल्याच प्रयत्नाला मिळतो की कितव्याही प्रयत्नाला, तेही बघा.

आणखी एक गोष्ट मोठ्यांच्या लक्षात येत नाही. चुकीच्या उत्तराला मिळणारी गंमत बरोबर उत्तरापेक्षा भारी असली, म्हणजे जोकर धपकन पडला किंवा फुगा फुटला, तर मुलं हमखास चुकीचं बटण दाबतात. तीन-चार वर्षांच्या मुलाला गुणांपेक्षा धपकन पडणारा जोकर प्यारा असतो आणि ते अगदी स्वाभाविक आहे.

हे काही नवं शास्त्र नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने 1976 साली ‘लिटल प्रोफेसर’ नावाचं गणिताचं यंत्र काढलं होतं. त्यात उत्तराचे पर्यायच नव्हते, मुलाने आकडा स्वतः दाबायचा. तीनदा चुकलं की यंत्र बरोबर उत्तर दाखवायचं. 1978 चं ‘स्पीक अँड स्पेल’ शब्द उच्चारायचं आणि मुलाने एकेक अक्षर दाबून तो लिहायचा. दोनदा चुकलं की बरोबर स्पेलिंग म्हणून दाखवायचं. रंगीत पडदा नव्हता, कार्टून नव्हतं, पण डोकं चालवल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. आजच्या गेमकडूनही किमान एवढी अपेक्षा ठेवायलाच हवी.

खोक्यावरच्या वयाचा चुकीचा अर्थ लावणं

खोक्यावर ‘3+’ दिसलं की आपण समजतो, तीन वर्षांच्या मुलाला हे जमेल. इथे तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

खेळण्यावरची तीन वर्षांची खूण बहुतेक वेळा सुरक्षिततेची असते: लहान सुटे भाग आहेत, त्याहून लहान मूल ते गिळू शकतं. व्हिडिओ गेमना वयाची खूण देणाऱ्या युरोपातल्या ‘पेगी’ची (2003 पासून) आणि अमेरिकेतल्या ‘ईएसआरबी’ची (1994 पासून) वयखूण आशयाबद्दल बोलते: मारामारी, भीतीदायक दृश्यं, भाषा. ‘पेगी 3’ म्हणजे तीन वर्षांच्या मुलाने पाहिलं तरी अपाय नाही, एवढंच. तो गेम खेळायला त्याला दहा वर्षांच्या मुलाएवढं वाचन लागू शकतं. ईएसआरबीकडे अगदी लहान मुलांसाठी वेगळी श्रेणी होती, तीही 2018 मध्ये बंद झाली. तिसरं वय असतं ते बनवणाऱ्याच्या अंदाजाचं, म्हणजे ‘4 ते 7’ वगैरे. चार आणि सात यांच्यात किती अंतर असतं, हे घरात मूल असलेल्या कुणालाही सांगायला नको. चारचं मूल बोटांवर मोजतं, सातचं गोष्टीचं पुस्तक वाचतं.

आणि ‘शैक्षणिक’ हा शब्द? तो छापण्याआधी कुणी परीक्षा घेत नाही. तो वाचून काहीच ठरवू नका.

वाढत्या अंगाचा गेम घेणं

कपडे वाढत्या अंगाचे घ्यावेत, गेम घेऊ नये. पुढे उपयोगी पडेल म्हणून घेतलेला अवघड गेम आठवड्यात कपाटात जातो, आणि जाताना “मला नाही येत” ही भावना मुलाजवळ ठेवून जातो. मुलाला दहापैकी सात-आठ गोष्टी जमतील आणि दोन-तीन अडतील, इतपत अवघड गेम बरा. हा माझा अनुभवाचा ठोकताळा आहे.

सूचना ऐकू येतात की वाचाव्या लागतात, हे आधी तपासा. वाचाव्या लागत असतील तर न वाचणाऱ्या मुलासाठी तो गेम तुम्हालाच खेळावा लागेल. आवाज कोणत्या भाषेत आहे, तेही बघा. मुलाला जी भाषा कळतच नाही, त्या भाषेतली सूचना म्हणजे त्याच्यासाठी नुसतं पार्श्वसंगीत.

यंत्र आधी, गेम नंतर

जुनं यंत्र कुणाकडून तरी मिळालं आणि त्यात बसणारं कार्ट्रिजच, म्हणजे यंत्रात खोचायची गेमची वडीच, मिळत नाही, ही नेहमीची रड. लीपफ्रॉग या शैक्षणिक खेळण्यांच्या कंपनीचा ‘लीपस्टर’ 2003 चा आणि ‘लीपस्टर एक्सप्लोरर’ 2010 चा. नावं बहिणी-बहिणींची, पण आधीच्याची कार्ट्रिज नंतरच्यात चालत नाहीत. निन्टेंडो कंपनीच्या थ्रीडीएस या हँडहेल्ड यंत्राचं ऑनलाइन दुकान मार्च 2023 मध्ये बंद झालं, म्हणजे आता त्यावर नवीन गेम विकत घेऊन उतरवता येत नाही. कार्ट्रिज असेल तेवढंच. तेव्हा आधी कोणते दोन-तीन गेम हवेत ते ठरवा आणि मग ते चालवणारं यंत्र शोधा. थ्रीडीएस घरात आलाच तर त्याचं त्रिमितीय दृश्य पालक-नियंत्रणातून बंद ठेवा. सहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांसाठी ते वापरू नये, असं कंपनीनेच सांगितलं होतं.

‘400 गेम एकातच’ वाली स्वस्त यंत्रं मात्र सरळ टाळा. त्यात जुन्या गेमच्या नकला ठासून भरलेल्या असतात आणि शिकण्यासारखं फारसं काही हाती लागत नाही.

खातं उघडताना मुलाची खरी माहिती देणं

यंत्र नाव विचारतं, जन्मतारीख विचारतं, फोटो मागतं, आणि आपण उत्साहाने सगळं भरतो. नोव्हेंबर 2015 मध्ये व्हीटेक या शैक्षणिक खेळण्यांच्या मोठ्या कंपनीच्या यंत्रणेत घुसखोरी झाली आणि सुमारे 64 लाख मुलांच्या प्रोफाइलपर्यंत परका माणूस पोचला. नावं, जन्मतारखा, सगळं. 2018 मध्ये अमेरिकेत त्या कंपनीला 6,50,000 डॉलर भरावे लागले. पण बाहेर गेलेली जन्मतारीख परत येत नाही. टोपणनाव द्या, फोटोऐवजी चित्र ठेवा, आणि गेम इंटरनेटशिवाय चालत असेल तर वायफाय बंदच असू द्या.

सेल, आवाज, तोंडात जाणाऱ्या वस्तू

सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ते यंत्र लहान मुलाच्या हाती देऊ नका. चपटा बटणसेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. शंका जरी आली तरी थेट इस्पितळ गाठा. निन्टेंडो स्विचच्या गेमकार्डांवर मुद्दाम अतिशय कडू पदार्थाचा थर दिलेला असतो, तो मुलांनी ती तोंडातून थुंकून टाकावीत म्हणूनच. हेडफोन द्यायचे तर आवाजाला मर्यादा घालता येणारे द्या. मुलांसाठी आठवड्याला 40 तासांपर्यंत 75 डेसिबल, असं जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण आहे.

घेऊन झाला, पण अडलंय

चालूच होत नाही? सेलच्या खाचेत बघा. पांढरी भुकटी दिसली तर सेल गळलाय. साधा अल्कलाइन सेल असेल तर कापसाच्या कानकाडीवर थोडं व्हिनेगर घेऊन सेल टेकतो ती धातूची पट्टी पुसा, कोरडी करा, आणि सगळे सेल एकदम नवे घाला. जुना-नवा मिसळला की पुन्हा गळू शकतो. कार्ट्रिज ओळखत नसेल तर फुंकर मारू नका, थुंकीच्या ओलाव्याने कार्ट्रिजचे धातूचे दात गंजू शकतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पडद्यावर यंत्राचं पेन एका जागी टेकवलं आणि खूण दुसरीकडेच उठते? यंत्र बिघडलेलं नसतं. सेटिंगमध्ये पडदा जुळवायची सोय असते, फुलीवर नेमकं टेकवत गेलं की बहुतेक वेळा जमतं.

बंद करताना रडारड होत असेल तर घड्याळ दाखवू नका. “अजून पाच मिनिटं” हे चार वर्षांच्या मुलाला कळत नाही, “हे बदक घरी पोचलं की बंद” हे कळतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा बघण्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगितली आहे, आणि कमी असेल तर बरंच. त्या तासात टीव्ही आणि फोनही धरा.

आणि गेमच अंदाजपंचे शिकवणारा निघाला तर? आम्ही भाचीच्या गेमवर एक उपाय केला. जाड कागदाची पट्टी कापून पडद्याच्या खालच्या भागावर चिकटपट्टीने अशी लावली, की चारही फुगे झाकले जातील. आधी बदकं मोजायची, उत्तर मोठ्याने सांगायचं, मग पट्टी उचलायची. पहिल्या दिवशी ती चिडली. दुसऱ्या दिवशी बोटं काढून मोजायला लागली. चौथ्या दिवशी पट्टी सुटून खाली पडली, तर तिनेच ती उचलून मला दिली आणि म्हणाली, “मामा, लाव ना, फुगे दिसतायत.”