लाकडी वाडग्याला फिनिश: आधी कडेवर चाचणी

नवं फिनिश थेट वाडग्यावर आजमावू नका. वाडगा काढला त्याच लाकडाची चार सेंमी जाड चकती, तंतूंची दिशा तीच ठेवून, लेथवर (लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर) चढवा. कडेवर तीन खाचा पाडल्या की चार पट्टे होतात, प्रत्येकावर एक फिनिश. चाचणी कडेवरच हवी, कारण फेरीत दोन ठिकाणी तंतूंची तोंडं उघडी पडतात. ती तेल ढोसतात आणि काळी दिसतात. चकतीच्या सपाट बाजूवर हा दोष कळतच नाही.

पॉलिश पेपर १२०, १८०, २४०, ३२० या क्रमाने. प्रत्येक नंबरनंतर लेथ थांबवून तंतूंच्या दिशेने हाताने घासा, नाहीतर गोल ओरखडे फिनिशखाली उठून दिसतात. २४० नंतर ओलं फडकं फिरवा, वाळल्यावर उभे राहिलेले तंतू ३२० ने काढा. सागवानाला स्वतःचं तेल असतं, त्यामुळे जवसाचं तेल त्यावर लवकर सुकत नाही. आधी ॲसिटोनने पुसा आणि लगेच लावा.

पहिला पट्टा जवसाच्या तेलाचा. पातळ हात द्या, वीस मिनिटांनी सगळं पुसून घ्या. राहिलेलं तेल चिकट होऊन बसतं. हार्डवेअरच्या डबल बॉइल्ड तेलात लवकर सुकण्यासाठी धातूंची संयुगं असतात, खाण्याच्या वाडग्याला ते नको. खाद्य जवस तेल चालेल, पण एका हाताला आठवडा, कधी त्याहून जास्त जातो. तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका, ती आपोआप पेटू शकतात. मोकळी पसरून वाळवा. (बडोद्याच्या स्वयंपाकघरात हाताशी असतं ते सिंगतेल (शेंगदाण्याचं तेल) मात्र नको. ते नीट सुकत नाही, खवट वास धरतं.)

दुसरा पट्टा चपड्याचा, म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेच्या पापुद्र्यांचा. २५० मिली स्पिरिटमध्ये ५० ग्रॅम चपडा रात्रभर भिजवा, मलमलीतून गाळा. पावसाळ्यात इथे बडोद्यात हाच दगा देतो. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतला ओलावा त्यावर धरतो आणि पांढुरकी झाक येते. कोरड्या दुपारी स्पिरिटचा अगदी हलका बोळा फिरवला तर बहुधा जाते. द्रावण जुनं असेल तर काचेवर एक थेंब टाका. दुसऱ्या दिवशीही चिकट राहिला तर फेकून द्या.

तिसरा, गुजरातमधल्या संखेड्याचे खरादी (लाकूड कातणारे कारागीर) करतात तसा: फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबायची, घर्षणाने वितळलेली लाख केवड्याच्या पानाने पसरवायची. यात स्पिरिट नाही, म्हणून ती पांढुरकी झाकही नाही. वेग कमी पडला की लाखेचे गोळे बसतात. रंगात काय आहे ते ठाऊक नसेल तर रंगीत कांडी वाडग्याच्या आत नको.

चौथा, वजनाने एक भाग मधमाश्यांचं मेण आणि चार भाग केमिस्टकडचं लिक्विड पॅराफिन, गरम पाण्यावरच्या भांड्यात वितळवून. हे कधीच कडक होत नाही, अधूनमधून पुन्हा लावावं लागतं. फिरत्या लेथवर लावताना फडकं नको, कागदी नॅपकिन घ्या. फडकं गुंतलं तर बोट ओढतं.

फिनिश सुकल्यावर आणखी आठवडाभर थांबा. मग प्रत्येक पट्ट्यावर तासभर ओला बोळा, मग लिंबाची फोड, शेवटी उकळत्या पाण्याच्या स्टीलच्या वाटीची कड दहा मिनिटं टेकवा. चपडा आणि लाख उष्णतेने मऊ पडतात, मेण तर ६५ अंशांच्या आतच वितळतं. शेव-चिवड्याच्या वाडग्याला चपडा पुरतो, फळांच्या वाडग्याला मेण. गरम डाळीसाठी यातलं एकही नाही.