सोन्याच्या खाणीचा सौदा: भागधारकाने काय तपासावं

कंपनी विकली जातेय म्हटलं की सगळे विचारतात, प्रीमियम, म्हणजे बाजारभावावर वरचे पैसे, किती? फोर्टमध्ये ब्रोकरच्या ऑफिसात वर्षानुवर्षं हिशेब सांभाळले, मी मात्र आधी हे विचारते: रोख मिळणार की शेअर?

शेअर मिळणार असतील तर खरेदीदार कंपनीच्या खाणी, कर्ज आणि व्यवस्थापन तुमच्या पदरात पडतं. न्यूमाँट या सोन्याच्या खाण कंपनीने २०२३मध्ये न्यूक्रेस्ट ही दुसरी खाण कंपनी घेताना तिच्या एका शेअरमागे स्वतःचा ०.४०० शेअर दिला. पहिला प्रस्ताव ०.३६३ होता, संचालकांनी नाकारला म्हणून वाढला. पण न्यूमाँटचा भाव उतरला की त्या ०.४००चं मोलही उतरतं.

मग वही घ्या. रिझर्व्ह भागिले एकूण शेअर, सौद्याआधी आणि नंतर. रिसोर्स, म्हणजे जमिनीत असल्याचा अंदाज आहे पण फायद्यात निघेल हे अजून ठरलेलं नाही असं सोनं, यात मिसळू नका. फायद्यात काढता येईल असं तपासून ठरलेलं सोनं तेवढं रिझर्व्ह. शेअरमागचं सोनं घटत असेल, तर कंपनी कितीही मोठी होवो, मला तो सौदा पटत नाही. सोनं काढायला आणि खाण चालू ठेवायला औंसामागे येणारा खर्च, म्हणजे एआयएससी (ऑल-इन सस्टेनिंग कॉस्ट), तोही सोबत लिहा.

खरेदीदाराचे भागधारक असाल तर जास्तच जपा. २०२२मध्ये गोल्ड फील्ड्स या खाण कंपनीने यामाना ही कंपनी घ्यायला बोली लावली, त्याच दिवशी तिचा स्वतःचा शेअर वीस टक्क्यांहून अधिक पडला. किनरॉसने २०१०मध्ये रेड बॅक ही खाण कंपनी सुमारे ७१० कोटी डॉलरला घेतली आणि पुढे अब्जावधी डॉलर तोटा म्हणून खात्यातून पुसावे लागले.

प्रीमियम आता मोजा, पण एका दिवसाच्या भावावर नको. मागच्या महिनाभराची सरासरी धरा.