वाल्देरामावर ड्रायव्हर जरा जपून

स्पेनच्या कोस्टा देल सोल किनाऱ्याच्या पश्चिम टोकाला, सोतोग्रांदेमध्ये वाल्देरामा हा गोल्फ कोर्स आहे. रॉबर्ट ट्रेंट जोन्स यांनी आखलेला हा कोर्स १९७४ मध्ये खुला झाला. युरोपच्या मुख्य भूमीवरचा पहिला रायडर कप (युरोप विरुद्ध अमेरिका सामना) १९९७ मध्ये इथेच झाला. पार (अपेक्षित फटके) ७१ आणि लांबी साधारण सात हजार यार्ड, म्हणून सोपा वाटतो. खरी परीक्षा बुचाच्या ओकांची आहे. चेंडू फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या मधल्या पट्ट्यावर) असला तरी समोर फांदी येते आणि ग्रीनची (झेंड्याभोवतीच्या हिरवळीची) वाट बंद होते. दुसऱ्या होलला तर झाड फेअरवेतच उभं आहे.

म्हणून विचार ग्रीनपासून उलटा करा. आज झेंडा कुठे आहे, तिथे कोणत्या बाजूने मोकळं जाता येतं, हे टीवरच (पहिला फटका मारतो तिथे) ठरवा आणि मग क्लब (काठी) काढा. बऱ्याचदा ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारणारा क्लब, लागतच नाही; त्याहून आखूड मारणारा थ्री-वूड किंवा हायब्रिड पुरतो.

अंतरं मीटरमध्ये असतात. यार्डांची सवय असलेले इथे हमखास तोकडे पडतात, कारण १५० मीटर म्हणजे १६४ यार्ड, सरळ एका क्लबाचा फरक. त्यात लेव्हांते (पूर्वेचा) किंवा पोनिएंते (पश्चिमेचा) वारा. झाडांच्या आडोशाला टीवर वारा जाणवत नाही, म्हणून शेंड्यांकडे बघा. समोरून १६ किमी वेगाचा वारा असेल तर अंतर साधारण १० टक्के वाढवून धरा. पाठीमागून असेल तर कमी करताना त्याच्या निम्मंच.

झाडाखाली अडकलात तर चेंडू मागच्या पायाकडे ठेवा, सात नंबरचा आयर्न क्लब दांडीवर थोडा खाली धरा आणि अर्ध्या स्विंगने फेअरवेवर परत या. फटींतून ग्रीन गाठायचा मोह आवरा, एका होलला सहा-सात फटके तिथेच होतात. सरावाच्या स्विंगमध्ये फांदी मोडून वाट मोकळी झाली, तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजण्याच्या प्रकारात) दोन स्ट्रोकचा दंड बसतो.

सतरावा होल, लॉस गाबिओनेस, पार ५. ग्रीनच्या पुढ्यात तळं, आणि ग्रीनचा पुढचा भाग पाण्याकडे उतरता. १९९९ मध्ये टायगर वुड्सचा चेंडू ग्रीनवर पडूनही घरंगळत पाण्यात गेला आणि त्या होलला आठ फटके झाले. दुसरा फटका ग्रीनसाठी नकोच. पूर्ण वेज (जवळच्या अंतराचा, चेंडू उंच उडवणारा क्लब) मारता येईल इतकं, समजा ९० मीटर, अंतर मागे ठेवा. अर्धवट स्विंगचा वेज इथे दगा देतो, कारण स्पिन कमी-जास्त होतो. निशाणा झेंड्याच्या मागे धरा. वरून खाली येणारा पट (ग्रीनवरचा हलका फटका) अवघड असतो, पण तळ्यापेक्षा बरा.

चेंडू पाण्यात गेलाच तर आधी तळ्याभोवतीच्या खुंट्यांचा रंग बघा. पिवळ्या असतील तर एका स्ट्रोकच्या दंडासह पाण्याच्या अलीकडूनच खेळावं लागतं, चेंडू ग्रीनवरून मागे घरंगळला असला तरी. अशा वेळी ड्रॉप (चेंडू हातातून टाकून पुन्हा खेळायला घेणं) तळ्याला चिकटून घेऊ नका. झेंड्याच्या रेषेत मागे जात त्याच ९० मीटरवर घ्या.