'ड्राय' म्हणजे नेमकं काय नाही?

ड्राय म्हणजे कोरडा, हे शाळेत पाठ झालेलं असतं. मग ड्राय क्लीनिंगला दिलेली पैठणी यंत्रात चांगली भिजून निघते ती कशी? आणि वाइन तर पातळच असते, ती ड्राय कशी होईल?

'ड्राय' दिसला की त्याच्या पुढचं नाम बघायचं आणि विचारायचं: इथे काय नाही? उत्तर दर वेळी 'पाणी' येतंच असं नाही.

ड्राय क्लीनिंगमध्ये पाणी नसतं, पण द्रावक असतं, बऱ्याचदा पर्क्लोरोएथिलीन. कपड्याच्या लेबलवर नुसतं वर्तुळ असेल तर ड्राय क्लीन करा, वर्तुळावर फुली असेल तर करू नका. वर्तुळातलं पी किंवा एफ हे अक्षर लॉन्ड्रीवाल्यासाठी असतं, कोणतं द्रावक चालेल ते त्यावरून कळतं. चौकोनाच्या आत वर्तुळ असेल तर मात्र तो वाळवायच्या मशीनचा विषय. या दोन खुणांची अदलाबदल नेहमी होते आणि लोकरीचा स्वेटर आटून बाळाच्या मापाचा होतो. 'ड्राय फ्लॅट' असं लिहिलेलं असेल तर तिथे ड्राय हे विशेषणच नाही, क्रियापद आहे: आडवं पसरून वाळवा. दोरीवर टाकलात तर ओल्या वजनाने स्वेटर लोंबतो.

औषधाच्या बाबतीत हा शब्द नीट समजणं जास्त गरजेचं. लहान मुलांच्या अँटिबायोटिकच्या बाटलीवर 'ड्राय सिरप' असतं, म्हणजे आत नुसती पूड असते. आधी बाटली हलवून पूड मोकळी करा. मग उकळून पूर्ण गार केलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेच्या थोडं खालपर्यंत घाला आणि हलवा. फेस बसू द्या, पातळी खाली गेलेली दिसेल. आता खुणेपर्यंत पाणी घालून पुन्हा हलवा. फेसालाच पातळी समजून थांबलात तर पाणी कमी पडतं आणि चमचाभर औषधात डोस जास्त जातो. पाणी गरम असेल तर औषधाचा गुण कमी होऊ शकतो. कालवलेलं औषध बहुतेक वेळा 7 दिवसच चालतं. नेमके दिवस आणि फ्रिजमध्ये ठेवायचं की नाही, हे लेबलवर बघा. 'ड्राय कफ'मध्ये नसतो तो बेडका. त्यामुळे कोरड्या खोकल्याचं औषध ढास दाबणारं असतं, तर बेडका सुटायला मदत करणारं औषध वेगळं. दुकानात नुसतं 'खोकल्याचं द्या' म्हणू नये.

आता नाशिकच्या बाटलीकडे वळू. वाइनमध्ये ड्राय म्हणजे साखर नाही, निदान जाणवण्याइतकी नाही. युरोपीय नियमांप्रमाणे साध्या ड्राय वाइनमध्ये लिटरला साधारण 4 ग्रॅमपर्यंत साखर असते, आंबटपणा जास्त असेल तर थोडी अधिकही चालते. घोट घेतल्यावर जीभ खरखरीत होते ती टॅनिन या तुरट घटकामुळे, त्याचा ड्रायशी संबंध नाही. खरी फसगत फेसाळ वाइनच्या लेबलवर होते. तिथे 'ब्रूट' म्हणजे लिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर, 'एक्स्ट्रा ड्राय' म्हणजे 12 ते 17 आणि नुसतं 'ड्राय' म्हणजे 17 ते 32. म्हणजे लेबलवर ड्राय लिहिलेली बाटली चक्क गोडसर निघते!

ड्राय डेला आणि ड्राय स्टेटमध्ये दारू नसते. 'गुजरात इज अ ड्राय स्टेट' याचं भाषांतर 'गुजरात कोरडं राज्य आहे' असं केलंत तर वाचणारा पाऊस मोजायला लागेल. तिथे 'दारूबंदी असलेलं राज्य' असंच लिहावं. वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे याच अर्थाने ड्राय आहेत.

गोठ्यातल्या ड्राय काऊला दूध नसतं. आपल्याकडे ती भाकड गाय. वितण्याआधी साधारण 60 दिवस दूध काढणं बंद करतात, त्याला गाय आटवणं म्हणतात. ड्राय रनमध्ये खरा माल नसतो, बाकी सगळं असतं. 2 जानेवारी 2021 रोजी देशभर कोविड लसीकरणाची अशी चाचणी झाली, तेव्हा लस सोडून नोंदणीपासून सगळी प्रक्रिया करून पाहिली होती. ड्राय ह्यूमरमध्ये नसतं ते बोलणाऱ्याचं हसू. त्याला 'रुक्ष विनोद' म्हणणं अन्याय आहे, 'चेहऱ्यावरची रेषही न हलवता केलेला विनोद' हे लांबलं तरी बरोबर.

स्वयंपाकाच्या इंग्रजी कृतीत 'एक कप ड्राय राजमा' म्हणजे न भिजवलेला, न शिजवलेला. तो शिजून अडीच ते तीन कप होतो. डब्यातला शिजवलेला राजमा एकच कप घेतलात तर भाजी पाणचट होणार. 'ड्राय रोस्ट' म्हणजे तेल न घालता भाजणं.

परदेशात किराणा दुकानात 'ड्राय फ्रूट्स' मागितलंत तर मनुका, जर्दाळू दाखवतील. त्यांच्याकडे त्याला 'ड्राइड फ्रूट' म्हणतात. काजू-बदाम 'नट्स'च्या फळीवर असतात, तिथे वेगळं विचारा.

मराठीत आणताना आणखी एक प्रश्न विचारा: वस्तू आधी ओली होती का? ओली होती आणि आता नाही, तर वाळलेली: कपडे, पापड, कुरडया. (कोकणात कपडे सुकतात, घाटावर वाळतात, दोन्ही बरोबर.) रस्सा नाही ते सुकं: सुकं मटण, सुकी भाजी. नुसती स्थिती सांगायची तर कोरडं: कोरडे डोळे, कोरडी त्वचा. विहीर असेल तर आटलेली. पावसावरची शेती कोरडवाहू. पण त्याआधी स्वतंत्र शब्द आहे का ते बघाच. ड्राय जिंजर म्हणजे सुंठ, ड्राय डेट्स म्हणजे खारीक, ड्राय कोकोनट म्हणजे खोबरं, पडलेली ड्राय लीव्ह्ज म्हणजे पाचोळा, ज्वारीची वाळलेली ताटं म्हणजे कडबा. 'सुकं आलं' असं छापलेली पुडी दिसली की भाषांतर कुणी केलं असेल ते कळतं.

उलट्या दिशेलाही खड्डे आहेत. 'कोरडी सहानुभूती'ला ड्राय सिंपथी म्हणू नका, इंग्रजीत तिथे 'एम्प्टी' किंवा 'हॉलो' लागतं. आणि अग्रलेखात सरकारवर 'कोरडे ओढले' असतील तर डिक्शनरीतलं ड्राय शोधूच नका. तो कोरडा म्हणजे चाबूक.