जुन्या इंजिनाला स्पिन-ऑन ऑइल फिल्टर बसवताना

जुन्या गाडीत ऑइल फिल्टर बदलायचा म्हणजे लांब बोल्ट, लोखंडी वाटी, आतली स्प्रिंग-वॉशर आणि कोपरापर्यंत तेल. स्पिन-ऑन म्हणजे डब्यासकट फिरवून बसणारा फिल्टर. तो या वाटीच्या जागी बसवायचा जोडभाग, म्हणजे अ‍ॅडॅप्टर, मिळत असेल तर एकदाच बदलून टाका.

१. इंजिन कोमट असताना तेल काढा, वाटी उतरवा.

२. खरं काम इथे आहे. वाटीची रबरी रिंग इंजिनाच्या बाजूच्या खाचेत चिकटून राहते. काळी पडून इतकी कडक होते की धातूच वाटते. टोकदार हुकाने उचकटून पूर्ण काढा. कधी कधी एकाखाली दुसरी निघते, कारण आधीच्या मेकॅनिकने जुनीवरच नवी दाबलेली असते! एकही राहिली तर गळती ठरलेली.

३. नवी रिंग तेल लावून बसवा, अ‍ॅडॅप्टर घट्ट करा.

४. फिल्टरच्या गॅस्केटला तेल लावा. टेकल्यावर हातानेच पाऊण फेरा.

५. नवं तेल भरा. इंजिन पेटू नये म्हणून ठिणगी बंद ठेवून, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत नुसता स्टार्टर थांबून थांबून मारा. मग इंजिन सुरू करून गळती पाहा आणि बंद केल्यावर लेव्हल.

फिल्टर आडवा किंवा तोंड खाली करून बसत असेल, तर तेल परत न सोडणाऱ्या व्हॉल्व्हचाच घ्या.

आणि आटे तपासा. अ‍ॅडॅप्टरच्या ३/४ इंच यूएनएफच्या (इंची मापाच्या बारीक आट्यांच्या) नळीवर २० मिमी आट्यांचा फिल्टर चढतो, बसल्यासारखाही वाटतो. पण पकड नसते आणि प्रेशर आलं की निसटतो.