पिवळा नाल पेटला की आधी गेज घ्या

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं टायरचं दुकान आहे. थंडी पडली की सकाळी दुकान उघडायच्या आत एखादी गाडी दारात उभी असते. परवा आमचे दाजीच आले होते. "पावनं, मीटरवर पिवळा घोड्याचा नाल पेटलाय, मधी उद्गारचिन्ह. काल संध्याकाळी गाडी एक नंबर होती की." हा दिवा म्हणजे टायरमध्ये हवा कमी झाल्याचा इशारा.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर हवा किती हवी त्याचा स्टिकर असतो, तो आधी वाचायचा. दाजींच्या गाडीला ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). हवा मोजायचं गेज लावलं तर तीन चाकांत २९-३० आणि मागच्या डाव्यात २५. बोटावर थुंकी घेऊन वॉलच्या, म्हणजे हवा भरायच्या नळीच्या, तोंडावर लावली, तर बारीक बुडबुडा फुगला. वॉलच्या आतल्या पिनेतून हवा झिरपत होती. तापमान १० अंश उतरलं की साधारण २ पीएसआय कमी होतात, म्हणून दिवा नेमका पहाटेच पेटला. दुपारी उन्हात तो आपोआप विझला असता आणि दाजी निवांत झाले असते. गळती मात्र तशीच राहिली असती.

दाजींच्या गाडीत मीटरवर प्रत्येक चाकाचा वेगळा आकडा दिसतो. म्हणजे रिमच्या आत, वॉलच्या बुडाशी, एकेक सेन्सर आहे. तो हवा मोजतो आणि रेडिओवरून गाडीला कळवतो. सेल आत पॅक असतो, ५ ते १० वर्षं चालतो. संपला की अख्खा सेन्सर बदलायचा. टायर काढताना मशीनचा फाळ वॉलजवळ दाबला तर सेन्सर फुटतो. असला पहिला सेन्सर मीच फोडला होता आणि भरूनही दिला. म्हणून टायर बदलायला गाडी लावाल तेव्हा "आत सेन्सर हाय" हे आधीच सांगा.

आकडे दिसत नाहीत, नुसता दिवा आहे, अशा बऱ्याच गाड्यांत चाकात काहीच नसतं. तिथं एबीएसचे (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या सिस्टिमचे) सेन्सर चाकांचे फेरे मोजतात. हवा कमी झालेलं चाक किंचित बुटकं होतं, त्यामुळं तेवढ्याच रस्त्याला जास्त फिरतं. त्यावरून गाडी ओळखते. पण चारही चाकांतली हवा सारखीच कमी झाली तर ती फसू शकते. हवा भरल्यावर इथं रिसेट करावं लागतं, आणि लोक घोळ घालतात तो इथंच: दिवा डोळ्यात खुपतो म्हणून कमी हवेवरच रिसेट मारतात. मग गाडी तीच हवा बरोबर धरते. आधी चारही चाकं स्टिकरप्रमाणं भरा, मगच बटण.

हवा थंड टायरला बघायची. पुण्याहून आल्या आल्या, टायर तापलेला असताना, गेज लावून "जास्त झाली" म्हणत सोडू नका. हवेऐवजी नायट्रोजन भरायचं विचारतात, साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच, तेव्हा महिन्याला गेज लावा आणि पैसे वाचवा.

दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर बिघाड सिस्टिममध्ये आहे. तरी गेज लावून खात्री करा, मग स्कॅनरवाल्याकडं जा.

दाजींची पिन बदलली, चारही चाकांत ३३ भरली. दिवा तसाच. "आता काय?" म्हटलं, गाडी उभी असली की सेन्सर झोपतात, जरा पळवा. शिरोली नाक्यावरून फोन आला, "इझला बघ."