लायब्ररीत टीनएजर्ससाठी कार्यक्रम करायचाय? दुकानदाराकडे पैसे मागू नका, वेळ मागा

लहान मुलं लायब्ररीत येतात कारण आईबाबा आणतात, पण १३ ते १८ वयाच्या पोरांना कोणी ओढून आणू शकत नाही, ती स्वतःला वाटलं तरच येतात. म्हणून पहिलं काम, कुठल्याही दुकानात जायच्या आधी, पाच-सहा पोरांना बसवून विचारा की तुम्हाला काय शिकायचंय. आपण मोठ्यांनी ठरवलेले विषय बहुतेक वेळा फसतात. पोरं सांगतील, सायकल स्वतः दुरुस्त करायचीय, फोटो नीट काढायचेत, पहिला इंटरव्ह्यू कसा द्यायचा ते कळत नाही. ही यादी हातात आली की शिकवायला कुठल्या दुकानदाराला बोलवायचं ते आपोआप कळतं.

आता दुकानदाराकडे जाताना गर्दीची वेळ टाळा, आणि हातात एकच कागद ठेवा, त्यावर चार गोष्टी, किती मुलं, किती वेळ, काय शिकवायचं, सामान कोण आणणार. बऱ्याच लायब्रऱ्या इथेच चुकतात, सरळ स्पॉन्सरशिप मागतात, मग समोरचा एकदा पैसे देतो आणि विषय संपतो. त्याच्याकडे पैशापेक्षा मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे हातातलं कसब. सायकलवाला दीड तास येऊन पंक्चर काढायला शिकवतो ना, ते पोरांच्या कायम लक्षात राहतं. शिकागोच्या पब्लिक लायब्ररीने २००९ मध्ये यूमीडिया नावाची टीनएजर्सची जागा सुरू केली, तिथेही कॅमेरे, रेकॉर्डिंगचं सामान आहेच, पण मुलांसोबत बसणारे कवी-कलाकार मेंटरही आहेत, आणि मला वाटतं खरी गंमत त्या माणसांमुळे येते.

पहिल्यांदा एकच सेशन ठरवा, वर्षभराचा करार वगैरे नंतर. १२-१५ मुलं पुरे, जास्त झाली की मागची पोरं मोबाईल काढतात. परीक्षेचे आठवडे सोडा. भाषण नको, प्रत्येकाच्या हातात काहीतरी करायला हवं.

काही गोष्टी मात्र आधीच लिहून घ्या, ओळखीचा माणूस असला तरी. मुलांचे फोन नंबर दुकानाला मिळणार नाहीत, सेशनमध्ये विक्री होणार नाही, पोस्टरवर दुकानाचं नाव येईल पण लायब्ररीच्या नावापेक्षा मोठं नाही. पालकांची लेखी परवानगी, फोटोसाठी वेगळी परवानगी, आणि खोलीत कायम लायब्ररीचा एक माणूस हवाच, पाहुण्याला मुलांसोबत एकटं सोडायचं नाही. आणि शिकायच्या नावाखाली दुकानात नेऊन पोरांकडून फुकट काम करून घेणं, हे कुणी सुचवलं तर तिथेच नाही म्हणा, त्यात संकोच कसला.

आता पुस्तकांचं. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं तिसरं सांगतं की प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. मग सेशनच्या टेबलावरच त्या विषयाची आठ-दहा पुस्तकं मांडा, जाड जुनी नाहीत, चित्रांची, पातळ, आणि तिथल्या तिथे घरी न्यायची सोय करा, मेंबरशिपचा फॉर्मही तिथेच. कपाटापर्यंत जा म्हटलं की निम्मी पोरं दारातून बाहेर पडलेली असतात.

दुकानदाराला याच्यात काय मिळतं असं तो विचारेलच, विचारू दे, खरं सांगा. या वयाच्या मुलांशी आणि त्यांच्या घरच्यांशी ओळख होते, पुढे कुणाला शिकाऊ म्हणून हाताशी हवं असेल तर कुणाला खरी आवड आहे ते दिसतं. जास्त गिऱ्हाईक मिळेल असं वचन देऊ नका.

सेशन झालं की दोन दिवसांच्या आत मुलांच्या हस्ताक्षरातली आभाराची चिठ्ठी त्या माणसाला नेऊन द्या, बऱ्याचदा ती काउंटरमागे चिकटवलेली दिसेल. किती आले याच्याबरोबर दुसऱ्यांदा कोण आलं ते वहीत लिहा. आणि त्या दुसऱ्यांदा आलेल्या पोरांनाच सांगा, पुढच्या वेळी दुकानदाराशी बोलायला तुम्ही या माझ्यासोबत.